वाद्यवृंद कोणाचा?



ज्याची हयात पगार, बोनस आणि टाळेबंदी यांवर बोलण्यात गेली, त्याने आज सिंफनी ऑर्केस्ट्रावर बोलावे याचे काहींना नवल वाटले असेल. आम्हांला संगीताचे शास्त्र येत नाही. जे थोडे कळले ते रेडिओ ऐकून, वाचनालयातली पुस्तके चाळून आणि वादकांना प्रश्न विचारून. परंतु ऐंशी-शंभर माणसे एकत्र बसून एक काम करतात, म्हणजे तो एक कारखानाच झाला. आणि कारखान्याविषयी बोलण्याचा आमचा अधिकार आपण मान्य कराल.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटले की गणेशोत्सवात सिनेमाची गाणी म्हणणारा संच डोळ्यांपुढे येतो. सिंफनी ऑर्केस्ट्रा निराळा. मुंबईत मेहली मेहता यांनी 1935 साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढे ते इंग्लंडात मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवू लागले, आणि त्यांचे चिरंजीव झुबिन यांचे नाव तर जगभर झाले. पूर्ण वेळ वेतन घेणारे वादक असलेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया मात्र 2006 साली जन्मला. नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालियेव यांच्या प्रयत्नाने. त्यातले पुष्कळ वादक हंगामापुरते परदेशांतून येतात. कायम वादकांत आपली माणसे मोजकीच.

मग मधल्या काळात मुंबईत व्हायोलिन वाजवणारे नव्हते काय? होते, आणि शेकड्यांनी होते. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवीत. ती मुले पोटासाठी मुंबईस आली, हॉटेलांत वाजवू लागली आणि तेथून सिनेमाच्या स्टुडिओत शिरली. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली नावे. संगीतकाराने चाल द्यायची आणि यांनी तिचा साठ वाद्यांचा संसार मांडायचा, अशी वाटणी होती. पडद्यावर यांची नावे क्वचितच झळकली. गोन्साल्विस यांनी 1958 साली भारतीय रागांवर सिंफनी रचून सुमारे शंभर वादकांचा वाद्यवृंद उभा केला. तो टिकला नाही. पुढे 1977 साली त्यांचा शिष्य प्यारेलाल याने एका गाण्यात गुरूचे नाव गाजवले. पण ते एका खऱ्या माणसाचे नाव आहे, हे ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते?

येथे आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. तीसेक वर्षांपूर्वी अंधेरीत राहणारे एक वयस्क व्हायोलिनवादक आमच्या कचेरीत आले होते. साठ वादकांचे काम एक यंत्र आणि ते चालवणारा एक माणूस करू लागला होता. एका स्टुडिओने त्यांना बोलावणे बंद केले होते आणि मागचे पैसेही थकवले होते. आम्ही त्या वेळी तरुण होतो, आणि जितके तरुण तितकेच शहाणे! आम्ही त्यांना सांगितले, "काका, तुम्ही कलावंत. हे कामगारांचे कार्यालय आहे." ते काही बोलले नाहीत. व्हायोलिनची पेटी उचलली आणि जिना उतरून गेले. यंत्र आल्यामुळे रोजगार गेलेला माणूस समोर उभा होता, आणि हातात हातोड्याऐवजी गज होता म्हणून आम्ही त्याला ओळखले नाही. ते पुन्हा आले नाहीत.

त्यानंतर आम्ही या विषयाचे वाचू लागलो. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीत ट्रॉम्बोन वाजवणारे पहिले तीन भाग नुसते बसून असतात. चौथ्यात त्यांची पाळी येते. ते बसून होते म्हणून त्यांचा तीन भागांचा पगार कोणी कापत नाही. थांबणे हेही काम आहे, हे आमच्या कित्येक मालकांना अजून पटायचे आहे.

आता मुख्य प्रश्न. ज्या मँचेस्टरवरून आमच्या मुंबईला पूर्वेचे मँचेस्टर म्हणत, त्या गिरणीच्या गावाचा हॅले ऑर्केस्ट्रा 1858 पासून चालू आहे. व्हिएन्नात डेव्हिड योसेफ बाख यांनी 1905 साली कामगारांसाठी सिंफनीच्या मैफली सुरू केल्या. त्या 1934 पर्यंत चालल्या, आणि वेबर्नसारखा मोठा संगीतकार त्या चालवीत असे. तेथील चळवळीला भाकरीसोबत संगीतही मागण्याची लाज वाटली नाही. आम्ही मात्र ते बड्या लोकांचे म्हणून सोडून दिले. मुलुंडचा फिटर संध्याकाळी सुटून नरिमन पॉइंट गाठणार केव्हा, आणि परत लोकलमध्ये तासभर उभा राहून घरी पोचणार केव्हा?

म्हणून आमची मागणी साधी आहे. दर हंगामात निदान एक मैफल मुलुंडच्या कालिदासात किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात व्हावी. सारा वाद्यवृंद रंगमंचावर मावत नसेल, तर चार तंतुवाद्यांचा संच यावा. तिकिटे युनियनांनी एकगठ्ठा घ्यावीत, धर्मादाय नको. आणि महापालिकेच्या शाळांत व्हायोलिन शिकवण्यासाठी काम गेलेल्या स्टुडिओ-वादकांना नेमावे, योग्य वेतनावर. असे झाले तर वीस वर्षांनी परदेशांतून इतके वादक आणावे लागणार नाहीत.

आमच्या लोकांना हे रुचेल काय, असे विचारतात. भजनात टाळ चुकला तर आमचा गिरणीकामगार मान वर करून पाहत असे. त्याच्या नातवाच्या कानाची काळजी नको. त्याच्या कानापर्यंत ते पोचवण्याची काळजी करा.

आणि आता कोणी व्हायोलिनची पेटी घेऊन आमचा जिना चढला, तर त्याला आधी बसायला खुर्ची मिळेल आणि मग सभासदत्वाचा अर्ज.