पडद्याच्या कोपऱ्यातील घड्याळ

घड्याळ ही वस्तू दिसावयास साधी असली, तरी तिच्यात दोन वेगळी कामे एकत्र नांदत असतात. एक काळाची मोजणी, आणि दुसरे त्या मोजणीचे दर्शन. भिंतीवरील घड्याळात ही दोन्ही कामे एकाच यंत्रात जखडलेली असतात. संगणकाने त्यांची फारकत केली. आणि फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेल्या लिनक्स प्रणालीवर ही फारकत सामान्य माणसास स्वतःच्या हाताने अनुभवता येते.

लिनक्सच्या पोटात तास नाहीत, वार नाहीत, महिनेही नाहीत. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, जागतिक समन्वित वेळेनुसार, किती सेकंद लोटले एवढीच गणना तेथे चालू असते. हा आकडा मुंबईत आणि न्यूयॉर्कमध्ये एकाच क्षणी एकच असतो. पडद्याच्या कडेच्या पट्टीवर जे घड्याळ दिसते, ते या आकड्याचे भाषांतर होय. आणि भाषांतर कसे असावे, हे ठरविण्याचा अधिकार वापरणाऱ्याचा असतो.

एक्सएफसीई या मांडणीत घड्याळावर माऊसचे उजवे बटण दाबून गुणधर्मांची चौकट उघडता येते. तेथे टक्क्याचे चिन्ह व त्यापुढे एक रोमन अक्षर, अशा खुणांनी आपणास हवे ते रूप लिहावयाचे असते. मोठे ‘एच’ लिहिले, की चोवीस ताशी तास; मोठे ‘ए’ लिहिले, की वाराचे पूर्ण नाव. प्रणालीत मराठी भाषेची निवड केलेली असेल, तर तेच ‘ए’ ‘सोमवार’ असे लिहिते. मात्र येथे सावधपण हवे. मोठे ‘एम’ म्हणजे मिनिटे, तर लहान ‘एम’ म्हणजे महिना. जो घाईत लहान अक्षर लिहील, त्याच्या घड्याळात एप्रिलभर दर तासाला चारच मिनिटे झालेली दिसतील! मोजणी अचूक, दर्शन मात्र चुकीचे.

याच चौकटीत कालपट्टाही निवडता येतो. पट्टीवर दुसरे घड्याळ ठेवून त्यास न्यूयॉर्कचा पट्टा दिला, की नागपुरातील आईला तिकडच्या मुलाची वेळ नित्य दिसू लागते. पट्ट्याला शहराचे नाव असते, तासांच्या फरकाचा आकडा नसतो, यास कारण आहे. न्यूयॉर्क आणि भारत यांतील अंतर हिवाळ्यात साडेदहा तासांचे, तर उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे असते. नुसती वजाबाकी करणारे घड्याळ वर्षातून कित्येक महिने खोटे बोलेल. शहराच्या नावामागे मात्र तेथील नियमांची नोंद असते.

एकाच ठिकाणी दोन वेळा सुखाने नांदाव्यात, हे मुंबईला पूर्वी साधले नव्हते. १ जानेवारी १९०६ रोजी साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर आधारलेली प्रमाणवेळ भारतात अमलात आली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून ३९ मिनिटे मागे होती. नवी वेळ म्हणजे सूर्याच्या हिशेबाने तितके आधी कामावर जाणे. म्हणून गिरणी कामगारांनी निषेध केला. महापालिकेनेही आपल्या घड्याळांवर जुनीच वेळ राखली. ही ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत टिकून राहिली. तोवर शहरात ‘कोणत्या वेळेने?’ हा प्रश्न जिवंत होता.

पडद्यावरील घड्याळ हा वाद अर्धाच सोडविते. ते एका पट्टीवर अनेक वेळा दाखवील, मराठीत वार सांगेल, सेकंद नकोत म्हटले तर लपवील. परंतु गिरणीचा भोंगा केव्हा वाजावा, कचेरी केव्हा उघडावी, हे कोणाच्याही खाजगी घड्याळाने ठरत नाही. त्यासाठी चार माणसांची संमतीच लागते. सर्वांची मोजणी एक असावी आणि दर्शन ज्याचे त्याने निवडावे, ही व्यवस्था म्हणूनच शहाणपणाची आहे. ज्याला आपल्या भाषेत व आपल्या सोयीने वेळ पाहता येते, त्याला इतरांची वेळ सांभाळणेही जड जात नाही.