वसईचा दुभाषी

दुबईतल्या बालमित्रांनो,

तुम्ही घरी मराठी बोलता, शाळेत इंग्रजी आणि अरबी शिकता. आज तुम्हांला अशाच एका मुलाची गोष्ट सांगतो. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया. सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी तो वसईला जन्मला. वडील पोर्तुगीज, आई इथली, आपल्या कोकणातली.

पंधराएक वर्षांचा असताना तो धर्मगुरूंबरोबर जहाजाने जपानला गेला. तिथे राहून जपानी भाषा शिकला. पुढे त्याने व्यापार केला. पण मन रमेना. शेवटी फिलिपिन्समधील मनिला शहरी त्याने फ्रान्सिस्कन संघाची दीक्षा घेतली.

१५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता हे धर्मगुरू मनिलाहून जपानला निघाले. तिथला सत्ताधीश हिदेयोशी. त्याच्याशी बोलणार कोण? गोन्सालो बरोबर गेले. ते धर्मगुरू नव्हते, संघातले साधे बंधू होते. पण दरबारात सगळ्यांच्या वतीने तेच बोलत.

पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली. २४ जणांना पकडले. प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला. ऐन थंडीत त्यांना क्योतोहून दूर नागासाकीला नेले. वाटेत आणखी दोघांची भर पडली. त्यांच्यात १२ वर्षांचा लुई इबाराकी होता, तुमच्याहून थोडासाच मोठा! धर्म सोडलास तर सुटशील, असे त्याला सांगितले. तो कबूल झाला नाही.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सर्वांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारले.

१८६२ साली गोन्सालोंना संतपद मिळाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. नागासाकीच्या त्या टेकडीवर २६ जणांच्या मूर्ती आहेत. कधी तिथे गेलात, तर आपल्या वसईकराला शोधा हं!