ताऱ्याची नाडी



साहित्याच्या व्यासपीठावर होमिओपॅथीच्या डॉक्टरने ताऱ्यांवर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. पण विषय नाडीचाच आहे.

हुबळीहून धारवाड साधारण 20 किलोमीटर. न्यूट्रॉन ताऱ्याचा व्यास 25 किलोमीटरच्या आसपास. एक टोक हुबळीत ठेवले तर दुसरे धारवाडच्याही पुढे जाईल. वस्तुमान मात्र सूर्याहून अधिक! इतके दडपल्यावर पदार्थाचे काय होते, हे प्रयोगशाळेत करून पाहता येत नाही. ते ताडायचे तर ताऱ्याचे वस्तुमान आणि त्रिज्या, दोन्ही हवीत.

तिथे टेप कोण लावणार? ताऱ्यावर तप्त डाग असेल तर तो फिरताना क्ष-किरण कमीजास्त होतात. हीच त्याची नाडी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे 'लॅक्सपीसी' उपकरण 28 सप्टेंबर 2015 रोजी अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहातून अवकाशात गेले. एका ताऱ्यावरील स्फोटात त्याने सेकंदाला 363 ठोके टिपले.

ठोके मोजले की फिरण्याचा वेग कळतो. पुढचे निदान ठोक्याच्या आकारावरून. प्रचंड गुरुत्वाकर्षणाने किरण वाकतात, म्हणून डाग पाठीमागे गेला तरी थोडा दिसत राहतो आणि नाडी पुरती बुडत नाही. ती किती बुडते, त्यावरून वस्तुमान आणि त्रिज्येचे गुणोत्तर मिळते. शिवाय तारा जितका मोठा, तितकी त्याची कड वेगाने धावते आणि ठोका एका बाजूला झुकतो; त्यावरून त्रिज्या वेगळी काढता येते.

अंतराळ स्थानकावरच्या 'नायसर' दुर्बिणीने सेकंदाला 205 वेळा फिरणारा एक तारा असाच तपासला. 2019 मध्ये दोन गटांनी तीच निरीक्षणे स्वतंत्रपणे अभ्यासली. एकाची त्रिज्या 12.7 किलोमीटर, दुसऱ्याची 13.0, वस्तुमान सूर्याच्या 1.34 आणि 1.44 पट. डागांचे आकारही निराळे निघाले. मात्र डाग समोरासमोरच्या दोन ध्रुवांवर नसून एकाच गोलार्धात आहेत, यावर दोघांचे एकमत झाले. पाठ्यपुस्तकातले चित्र तिथे मोडले.

दोन्ही गटांनी आपल्या आकड्यात सुमारे एक किलोमीटर इकडेतिकडे होऊ शकेल, असे सांगितले. आम्हा जैनांच्या घरी अनेकान्तवाद कानावर पडतो. त्याचा अर्थ सगळेच खरे, असा सैल लावू नये. मी कुठून पाहिले, काय गृहीत धरले आणि किती चुकू शकतो, एवढे सांगून मग ठामपणे बोलावे. दवाखान्यात रोग्याला 'नक्की' हा शब्द हवा असतो, आणि डॉक्टरला तो देण्याचा मोह होतो. त्या वेळी मला हे दोन आकडे आठवतात.