सभेची जागा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाला स्वतःचे सभागृह हवे, हा विषय आपल्याकडे दरवर्षी निघतो आणि चहाबरोबर संपतो. आज मला त्यावर थोडे बोलायचे आहे.

नागपूरला गेलो की आपण मोठ्या वास्तू हौसेने पाहतो. विधानभवन तर हिवाळी अधिवेशनामुळे सर्वांना ठाऊक. पण मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेच्या उपाध्यक्षपदी १९३७ साली अनसूयाबाई काळे होत्या, हे किती जणींनी ऐकले आहे? इमारत आपण बाहेरून पाहतो; आत कोण बसले होते, हे विचारायचे राहून जाते.

दुसरी जागा मोहन पार्क. २० जुलै १९४२ रोजी तिथे दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी आपल्या वऱ्हाडच्या, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषण केले. पंचवीस हजारांच्या आसपास स्त्रिया आल्या होत्या असे सांगतात. दिवस ऐन निंदणाचे! मजुरी बुडवून, कडेवर मूल घेऊन बायका आल्या असतील, तेव्हा डोक्यावर छप्पर आहे की नाही हे कुणी पाहिले असेल? दीक्षाभूमीचेही तसेच. १४ ऑक्टोबर १९५६ ला ते मोकळे मैदान होते. आजच्या स्तूपाचे लोकार्पण २००१ साली झाले. माणसे आधी आली, घुमट मागाहून उठला.

इतके दूर तरी कशाला? यवतमाळच्या समता मैदानावर जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष अरुणा ढेरे. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्यामुळे मोठा वाद झाला, आणि शेवटी उद्‌घाटन केले कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार ओढणारी ही बाई साहित्यिकांसमोर उभी राहून बोलली. मंडप तीन दिवसांत उतरला. तिचे बोलणे मात्र आपल्याकडे अजून निघते.

आपल्या गावात बाबा कंबलपोषांच्या यात्रेला बाया मोकळेपणी जातात, पाळण्यातही बसतात. सभा म्हटली की त्याच बाया दारापाशी उभ्या. का? लेकरू रडले तर पटकन निघता यावे म्हणून.

म्हणून माझे म्हणणे असे. दर्शनी भाग, नावाची पाटी, देणगीदारांची फरशी हे सारे नंतर ठरवू. पहिला खर्च पाण्याचा आणि स्वच्छ संडासाचा. दुसरा, लेकरांना निजवायला एका खोलीचा. स्वयंपाकघर मागच्या आवारात ढकलू नका. पोळ्या लाटणारीलाही भाषण ऐकू आले पाहिजे. आणि किल्ली मंडळाच्याच हाती राहावी, नाहीतर लग्नसराईत आपल्यालाच तारीख मिळायची नाही. नकाशा काढणाऱ्याला हे चार मुद्दे आधी लिहून द्यावेत, अशी माझी सूचना आहे. अनुमोदन कोण देते?