नवा लॅपटॉप घरी येतो तेव्हा

आषाढातली दुपार होती. बाहेर बेळगावचा पाऊस आपल्या नेहमीच्या, न थांबणाऱ्या चालीने पडत होता आणि टिळकवाडीतील आमच्या घरात एक चपटे खोके येऊन दाखल झाले होते. नातवाला अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला, त्यानिमित्त त्याच्या वडिलांनी त्याला लॅपटॉप घेऊन दिला होता. खोके उघडण्याची घाई त्याला अर्थातच अनावर झाली होती. घरातल्या बायकांचे म्हणणे, आधी हळदकुंकू लावू. शेवटी दोन्ही झाले. मी एवढेच म्हटले की, कुंकू लावायचे ते मिटलेल्या झाकणावर लावा, उघड्या कळफलकावर अक्षता टाकू नका. खंडेनवमीला यंत्राची पूजा करणारे आपण लोक. परंतु पूजा आणि निगा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, याचा आपल्याला पुष्कळदा विसर पडतो. आज मला बोलायचे आहे ते या निगेविषयी.

आपल्या बेळगावाला यंत्रांचे नावीन्य नाही. किर्लोस्कर बंधूंनी आपल्या उद्योगाचा आरंभ केला तो १८८८ साली, याच गावात, सायकलींच्या दुकानाने. पुढे १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, पण मूळ येथले. त्या दुकानात सायकल विकत मिळे आणि ती चालवायला शिकवलेही जाई, असे सांगतात. ही रीत मोठी शहाणपणाची होती. आज दुकानदार खोके हाती देतो आणि फार तर लॅपटॉप ‘चालू करून’ देतो. शिकणे आपल्याकडेच राहते. आणि हे चालू करून देणेसुद्धा कधी कधी किती महाग पडते, ते मी जवळून पाहिले आहे.

माझे एक आप्त शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाले. त्यांनी दोन वर्षे खपून घरातले जुने कागद एकेक करून लॅपटॉपमध्ये उतरवले. वडिलांची पत्रे, आजोबांच्या मोडीतल्या वह्या, लग्नाच्या याद्या, सारे काही. त्यांत एक छायाचित्र होते. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वयंसेवक म्हणून उभे असलेले त्यांचे आजोबा त्यात दिसत होते. त्या अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर आजही आपल्या टिळकवाडीत आहे. मूळ छायाचित्राला दोन पावसाळ्यांत बुरशी लागली, तेव्हा कोणी फारशी हळहळ केली नाही. ‘लॅपटॉपमध्ये आहे की,’ असे सगळे म्हणाले.

पुढे तो लॅपटॉप बिघडला. कारागिराने आतला मुख्य बोर्ड बदलला. यंत्र पुन्हा सुरू झाले आणि पडद्यावर एक प्रश्न उमटला : अठ्ठेचाळीस आकडी किल्ली द्या. ही किल्ली ज्या खात्यात जमा होती, ते खाते खरेदीच्या दिवशी दुकानातल्या मुलाने मनाला येईल त्या नावाने उघडलेले होते. ते नाव त्या मुलालाही आठवेना. यंत्र दुरुस्त झाले. कपाट मात्र उघडले नाही. ते छायाचित्र आज त्यांच्या घरात नाही.

यात यंत्राचा दोष नव्हता. विंडोज प्रणालीच्या बहुतेक नव्या लॅपटॉपांत आपण खात्याने प्रवेश केला की आतील मजकूर आपोआप सांकेतिक रूपात साठवला जातो. लॅपटॉप चोरीस गेला तरी चोराला तो वाचता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. परंतु कुलूप चोराला आणि धन्याला सारखेच असते. फरक फक्त किल्लीचा असतो.

म्हणून पहिल्या दिवसाचे पहिले काम असे : लॅपटॉप सुरू करताना आपण स्वतः समोर बसावे. खाते वापरणाऱ्याच्याच नावाने, त्याच्याच ईमेलवर आणि फोन नंबरवर उघडावे. ती अठ्ठेचाळीस आकडी किल्ली त्या खात्यातून काढून कागदावर उतरवावी आणि घराच्या उताऱ्यांबरोबर जपून ठेवावी. लॅपटॉपच्या पिशवीत ती ठेवणे म्हणजे कुलपालाच किल्ली अडकवून गावाला जाणे. पासवर्डही घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला ठाऊक असावा. माणूस आजारी पडतो, परगावी जातो, एखादे दिवशी कायमचाही जातो. मागे राहिलेल्यांनी बंद झाकणाकडे पाहत बसावे, हे बरे नव्हे.

दुसरे काम पावतीचे. लॅपटॉपच्या पाठीवरचा क्रमांक आणि पावतीवरचा क्रमांक एकच आहे ना, हे ताडून पाहावे. हल्लीच्या पुष्कळ पावत्या उष्णतेने छपाई होणाऱ्या गुळगुळीत कागदावर असतात. वर्षभरात त्यांवरची अक्षरे पुसट होतात आणि वॉरंटीच्या वेळी हाती कोरा कागद उरतो. तेव्हा पावतीचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे. नंतर यंत्राला अद्ययावत होऊ द्यावे. या कामी कधी तास, कधी दोन तास जातात. यंत्र आपले आपण दोन-चारदा बंद होऊन सुरू होते. त्या वेळी चार्जर जोडलेला असावा आणि कंटाळून मधेच बटण दाबू नये. कोणी जुना लॅपटॉप विकत घेत असेल, तर त्याने आणखी एक गोष्ट पाहावी. विंडोज १० या आवृत्तीची नियमित विनामूल्य देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहे. ज्या यंत्रावर विंडोज ११ बसत नाही, ते स्वस्त मिळाले तरी विचार करूनच घ्यावे.

आता भाषेविषयी. नव्या लॅपटॉपवर इंग्रजीच लिहिता येते, असा कित्येकांचा समज असतो. तो खरा नाही. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी निवडली की झाले. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. तेथे इन्स्क्रिप्ट नावाचा कळफलक असतो. त्याची मांडणी १९८६ साली भारत सरकारने प्रमाण म्हणून ठरवली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, अशी ती सुटसुटीत योजना आहे. क इंग्रजी के च्या कळीवर आहे, आणि शिफ्ट धरून एन दाबले की ळ उमटतो. बेळगाव आणि टिळकवाडी या दोन्ही नावांत ळ आहे. तो आता कोणी गाळायचे कारण नाही. मौज अशी की कन्नडचा इन्स्क्रिप्ट कळफलक याच मांडणीचा आहे. तेथेही क के वरच आणि ळ एन वरच. घरी मराठी आणि शाळेत कन्नड लिहिणाऱ्या आपल्याकडच्या मुलाने बोटांची ही सवय एकदा केली, की ती दोन्ही भाषांना पुरते.

ज्यांच्याजवळ वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टंकलेखन केलेले मराठी मजकूर आहेत, त्यांना नव्या यंत्रावर ते उघडताच विचित्र चिन्हांची रांग दिसते. मजकूर बिघडलेला नसतो. युनिकोड ही सर्व लिप्यांची समाईक व्यवस्था १९९१ साली आली, पण आपल्याकडे सर्वत्र रुळायला तिला बरीच वर्षे लागली. तोवर प्रत्येक फाँटची आपली वेगळी पद्धत होती. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने उपलब्ध आहेत. जुना संगणक चालू आहे तोवरच हे काम उरकावे.

यापुढची निगा आपल्या हवेला धरून आहे. चैत्र-वैशाखात वळवाचे ढग भरून आले की चार्जर भिंतीवरून काढून ठेवावा. चार्जरवर बारीक अक्षरांत शंभर ते दोनशेचाळीस व्होल्ट असे लिहिलेले आढळते; म्हणजे विजेचा रोजचा चढउतार तो सोसतो. आकाशातली वीज सोसत नाही. धातूच्या झाकणाला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर घरातले अर्थिंग तपासून घ्यावे. पावसाळ्यात लॅपटॉप महिनोन् महिने कपाटात कोंडून ठेवू नये. अधूनमधून तास-दोन तास वापरला, तर त्याच्या स्वतःच्या उबेने आतला दमटपणा कमी होतो. गादीवर किंवा रजईवर ठेवून तो चालवू नये, कारण तळाशी हवेची छिद्रे असतात आणि ती बुजली की यंत्र तापते. बॅटरीला उष्णता मानवत नाही, तसेच सतत काठोकाठ भरून राहणेही मानवत नाही. पुष्कळ यंत्रांत ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते. टेबलावर बसूनच काम करणाऱ्यांनी ती अवश्य वापरावी. पडदा पुसायचा तो यंत्र बंद करून, मऊ, किंचित ओलसर फडक्याने. आणि चहा सांडलाच, तर ताबडतोब बंद करावे, चार्जर काढावा, यंत्र पालथे घालावे आणि कारागिराकडे न्यावे. ‘चालते का बघूया’ म्हणून पुन्हा सुरू करून पाहण्यानेच जास्त नुकसान होते.

एवढे सारे केले तरी लॅपटॉप काही जन्मभर पुरत नाही. पाच-सात वर्षे चांगली गेली, तर त्याने आपले काम केले असे समजावे. टिकवायचे असते ते त्याच्या आतले. त्याला उपाय एकच, आणि तो आपल्या पूर्वजांना ठाऊक होता : नकल करून ठेवणे. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांतली एक तरी दुसऱ्या घरी असावी. एक लॅपटॉपमध्ये, एक कपाटातल्या बाहेरच्या डिस्कवर, आणि तिसरी निपाणीच्या आत्याकडे किंवा क्लाऊडवर. नुसती प्रत काढून भागत नाही. ती उघडते की नाही, हे वर्षातून एकदा तरी पाहावे लागते.

यासाठी आमच्या घरी आम्ही दिवस ठरवून टाकला आहे. खंडेनवमीला सकाळी नातू सगळ्या फाइलींच्या प्रती काढतो, गेल्या वर्षीची प्रत उघडून दाखवतो, आणि मग त्याची आजी मिटलेल्या झाकणाला कुंकू लावते. परवा ते आप्त आमच्याकडे आले होते. त्यांनी नवा लॅपटॉप घेतला आहे. दुकानातला मुलगा म्हणाला, “द्या सर, दोन मिनिटांत चालू करून देतो.” हे म्हणाले, “नको बाळ. तू शेजारी बस आणि सांग. मी करतो.”

श्रोतेहो, आपणही असेच करावे, एवढेच माझे सांगणे.