चाक रोज, बाकीचं बेतानं

२०२३च्या डिसेंबरात मी लेकीकडे, इंग्लंडात लेस्टरला होते. नातवानं तिथं हेजहॉग पाळलाय. आपल्या साळिंदराचा तो कुणी लागत नाही. ओंजळीत मावेल एवढा गोळा, पाठीवर आखूड काटे. इंग्लंडच्या बागांमधून फिरतो तो वेगळा. हा पाळीव, मूळचा आफ्रिकेचा. नाव ठेवलंय जिरू.

जिरू दिवसा झोपतो, रात्री पिंजऱ्यातल्या चाकावर पळतो. आणि पळता पळताच घाण करतो. सकाळी ते चाक बघवत नाही! कोमट पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशनं घासायचं, रोजच्या रोज. नातू शाळेला जायच्या आधी हे न्हाणीघरात उरकायचा. स्वयंपाकघराच्या सिंकला चाक लावू द्यायचा नाही. दिसायला धडधाकट असला तरी या प्राण्याच्या विष्ठेतून साल्मोनेलाचे जंतू पसरू शकतात. म्हणून नंतर हात साबणानं धुवायचे, हा त्याचा दंडक.

एकदा घरात कुणी नव्हतं. मला राहवेना. साफसफाई म्हटली की सगळंच काढायचं, ही आपली सवय. जिरूला खोक्यात ठेवलं, हीटरचं बटण बंद केलं, पिंजरा वासाच्या फिनेलनं लख्ख पुसला. अंथरुणाची फ्लीसची कापडं धुतली, जरा दमट होती तशीच परत घातली. हीटर लावायचं विसरले.

संध्याकाळी नातवानं हात घातला, तर जिरूचं पोट गार. उभा केला तर झोकांड्या जाऊ लागल्या. या जातीला साधारण २४ अंशांची ऊब लागते. गारठ्यात शरीर शीतनिद्रेत जाऊ बघतं आणि ती यांना झेपत नाही, जीवही जातो.

“नानी, हीटर कुणी बंद केला?” आवाज चढवला नाही त्यानं, म्हणून जास्तच लागलं. त्यानं जिरूला शर्टाच्या आत छातीशी धरलं. लेकीनं डॉक्टरला फोन लावला. हळूहळू ऊब द्या, गरम पाण्यात घालू नका आणि घेऊन या, असं तिकडून सांगितलं. गाडीत बराच वेळ काही नाही. मग शर्टातून एक रागीट ‘फुस्स’ आलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर तो पिंजऱ्याचा कोपरा चाटू लागला आणि तोंडाला फेस आणून काट्यांवर फासू लागला. मी पुन्हा घाबरले. नातू म्हणाला, अनोळखी वास आला की ते असं करतात. त्याची नजर अधू, घर ओळखतो ते नाकानं. म्हणून सगळी कापडं एकदम बदलायची नाहीत, एखादं जुनं आत राहू द्यायचं. धुताना सुवासिक द्रव नको. देवदाराचा भुसाही नको, त्याच्या तेलकट वासानं श्वासाला त्रास होतो. ओलं कापड तर मुळीच नको.

दुसऱ्या दिवसापासून चाक घासायचं काम त्यानं माझ्याकडे दिलं. हीटरच्या बटणावर मात्र मोडक्या मराठीत चिठ्ठी चिकटवली : ‘नानी, हे नाय’.