मुळेच्या काठी आपले स्वागत



मुळा नदीच्या काठी आपले मनःपूर्वक स्वागत! आर्थिक प्रोत्साहनाने पर्यावरण कसे राखावे, या चर्चेसाठी आपण आमचे गाव निवडलेत. याचा प्रत्येक राहुरीकराला अभिमान आहे.

राहुरी म्हटले की महात्मा फुले कृषी विद्यापीठ आठवते, ते रास्तच. 'फुले त्रिवेणी' गाय इथलीच. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंचा संसारही काही काळ या गावात होता. पण मन भरून बोलावे असे वाटते ते आमच्या ताहराबादच्या महिपतीबुवांविषयी. 1715 चा जन्म, घरात कुलकर्णीपणाचे वतन. असे सांगतात की, एकदा पूजेला बसले असताना जहागीरदाराचे तातडीचे बोलावणे आले. काम उरकून ते परतले आणि त्यांनी शपथ घेतली की ही लेखणी यापुढे कुणाच्या चाकरीत चालणार नाही, संतांचीच चरित्रे लिहील. त्या लेखणीतून 1762 मध्ये 'भक्तविजय' आणि 1774 मध्ये 'भक्तलीलामृत' उतरले. नामदेव, जनाबाई, चोखोबा, तुकोबा घराघरांत कथारूपाने पोचले ते या ओव्यांमुळे. जस्टिन अॅबट यांनी 'भक्तविजय' इंग्रजीत नेला. तरीही तालुक्याबाहेर ताहराबाद कुठे आहे ते फार थोड्यांना ठाऊक असते, याची मला खंत वाटते. आपण तिथे जाऊन दर्शन घ्यावे, ही माझी आग्रहाची विनंती.

आता परिषदेच्या विषयाबद्दल दोन शब्द. मी अर्थशास्त्राचा अभ्यासक नाही, पण कालव्याचे पाणी पाहत मोठा झालो. मुळा धरणात 26 टीएमसी पाणी मावते. पाणीपट्टी मात्र पीक आणि क्षेत्र पाहून लागायची. एकदा ती भरली की कितीही पाणी घ्या. मग वाचवणार कोण? वरचा शेतकरी रान तुडुंब भरून घ्यायचा आणि टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटाचा, वाट पाहत बसायचा. शेजारच्या नेवासे तालुक्यात, चांद्याच्या दत्त सहकारी पाणी वापर संस्थेने 1980च्या दशकाच्या अखेरीस वेगळी वाट धरली. मुळा उजव्या कालव्याच्या मायनरवर, म्हणजे लहान फाट्यावर, पाणी मोजून घ्यायचे, घनमीटरप्रमाणे पैसे भरायचे आणि पीक कोणते घ्यायचे ते शेतकऱ्यांनीच ठरवायचे. वाचलेल्या पाण्याचा फायदा ज्याचा त्याला. पुढे 2005 मध्ये शेतकऱ्यांच्या सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आला, पण आमच्याच कालव्यावर ही सुरुवात आधीच झाली होती. टेलच्या माणसाला पाणी मिळेल असा दर कसा ठरवावा, एवढे तरी या परिषदेने आम्हाला सांगावे.

व्यवस्थेत पुष्कळ उणिवा राहिल्या आहेत. निवास दोन ठिकाणी विभागावा लागला, त्यामुळे ज्येष्ठांना ये-जा करावी लागेल. पहाटे थंडी फार असते आणि गरम पाणी एकदम सर्वांना पुरणार नाही. दुपारी वीज गेली तर जनरेटर लावला आहे, त्याचा आवाज सहन करावा. पाहुणचारात काही चुकले तर उदार मनाने पोटात घालावे.

मंडपाचा खर्च बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी उचलला. दूध गवळीबांधवांनी दिले, ज्वारी आणि वांगी आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी गाड्या भरून आणली. भाकरी थापायला बचत गटांच्या भगिनी पहाटेपासून चुलीपुढे आहेत. नाव छापू नका, असे बजावून मोठी रक्कम देणारेही आहेत. या सर्वांचा मी शतशः ऋणी आहे.

उद्या सकाळी चहा झाल्यावर चांद्याकडे जाणारी बस याच मंडपापुढून सुटेल. ज्यांना यायचे आहे त्यांनी आज संध्याकाळपर्यंत नोंदणी टेबलावर नाव द्यावे, म्हणजे तिकडच्या मंडळींना जेवणाचा अंदाज येईल.